एका खोलीचा हिवाळा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली जुनी घरं मे महिन्यासाठी बांधलेली आहेत. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेला पडला, तो पुन्हा हलला नाही, आणि तंबूंच्या जागी हळूहळू दगडी घरं उभी राहिली. बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा होता. म्हणून चौदा फुटी छतं, छताला लागून रोशनदानं (हवेचे झरोके), मध्ये उघडा चौक, समोरासमोर दारं. तापलेली हवा वर चढावी आणि निघून जावी, एवढाच त्यामागचा विचार. पौष-माघात हीच घरं तेच काम तितक्याच इमानानं करत राहतात. आपण दोन हजार वॉटचा हीटर लावून बसतो, आणि घर ती ऊब मुकाट्यानं रोशनदानातून बाहेर सोडतं.

रात्री पारा चार-पाच अंशांवर उतरतो, कधी त्याच्याही खाली. पण तेवढं रजईत निभावून जातं. खरा त्रास धुक्याच्या दिवसांचा. चार-चार दिवस ऊन दिसत नाही, भर दुपारीही बाहेर धड पंधरा अंश होत नाहीत, आणि दगड आतपर्यंत गार पडतो. मग पाचव्या दिवशी ऊन पडलं की गल्लीत बरं वाटतं आणि घरात शिरताना स्वेटर घालावा लागतो. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हे उलटं गणित शेवटपर्यंत पटत नाही.

जाड भिंतींबद्दल आपल्या मनात एक जुना भरवसा असतो. दीड फुटाची भिंत, थंडी आत येईल कुठून? दगडी भिंत उष्णता साठवते, अडवत मात्र फारशी नाही. आकडे मांडून पाहिले तर अठरा इंची वालुकाश्माची भिंत उष्णता रोखण्यात नऊ इंची विटांच्या भिंतीच्या पुढे जात नाही, किंचित मागेच पडते. एक इंच जाडीचं थर्माकोल एकटं त्या दीड फूट दगडाच्या सुमारे तिप्पट उष्णता अडवतं. हे वाचल्यावर पहिला विचार येतो तो भिंतींना थर्माकोल चिकटवण्याचा. तो करू नये. का, ते पुढे येईलच.

भाड्याच्या घरात आणखी एक मर्यादा असते. दगडाला भोक पाडायचं नाही, सिमेंट लावायचं नाही, चौकटीला मोठे खिळे ठोकायचे नाहीत. जुन्या भाडेकरूंचं भाडं इतकं कमी असतं की मालक खर्च करील ही आशा नसते, आणि नव्या भाडेकरूच्या हातात अकरा महिन्यांचा करार. तेव्हा फाल्गुनात उतरवून ठेवता येईल असंच सगळं असावं. त्यातूनच दुसरी गोष्ट ठरते: घर गरम करण्याचा नाद सोडावा. एक खोली निवडावी, तिच्यातला वारा थांबवावा, आणि डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत घरानं त्या खोलीत राहावं. पूर्वीची मोठी कुटुंबं हिवाळ्यात आपोआप एका माजघरात गोळा होत, त्यात भावनेइतकंच भौतिकशास्त्रही होतं.

खोली दक्षिणेची निवडावी. ग्वाल्हेर सव्वीस अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम चाळीस अंश वर चढतो. खिडकीचा माथा जमिनीपासून सात फुटांवर असेल आणि वर छज्जा नसेल, तर ऊन आत साधारण आठ फुटांपर्यंत येतं. तेवढी फरशी दुपारभर तापली तर संध्याकाळी सातपर्यंत तिचा आधार मिळतो. उत्तरेची खोली कितीही लहान आणि कितीही आवडती असली तरी हिवाळ्यापुरती ती सामानाला द्यावी.

आता वारा. बाहेर थोडी हवा हलत असेल अशा संध्याकाळी पंखे बंद करून एक उदबत्ती पेटवावी आणि दाराच्या चौकटीभोवती, खिडकीच्या झडपांच्या जोडावर, रोशनदानाखाली, विजेच्या बोर्डाजवळ सावकाश फिरवावी. धूर जिथे आडवा होतो तिथे खडूनं खूण करावी. बहुतेक घरांत सगळ्यांत मोठी खूण दारावर किंवा खिडकीवर पडत नाही. ती कूलरवर पडते.

उन्हाळ्यात खिडकीत बसवलेला कूलर वर्षभर तिथेच असतो. तो मुळात एक मोठं भोक आहे, हे ऑक्टोबरनंतर सगळे विसरतात. पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी पुसावी, गवताच्या जाळ्या काढून टाकाव्यात (नाहीतरी त्या पुढच्या वर्षी बदलायच्याच असतात), आणि आतल्या तोंडावर झाकण बसवावं. झाकण असं: खिडकीतल्या मोकळ्या जागेच्या मापाचे चार मिलिमीटर प्लायचे दोन तुकडे, त्यांच्यामध्ये एक इंच थर्माकोल, कडेनं फोमची पट्टी. दाबून बसेल इतकंच घट्ट ठेवावं. थर्माकोल उघडं ठेवू नये, ते पटकन पेटतं आणि धूर घातक असतो. बाहेरून कूलरवर ताडपत्रीची खोळ घालावी, पण खालून उघडी ठेवावी. सगळीकडून बांधली तर आत दंव साचून पत्रा गंजतो. एक्झॉस्ट पंख्यामागची पाती गळून गेलेली असतील तर त्यालाही असंच झाकण चालतं. फक्त स्वयंपाकघरातला पंखा सोडावा.

मग रोशनदानं. चौदा फुटी खोलीत गरम हवा वर चढून रोशनदानातून निसटते आणि तिची जागा भरायला दाराखालून गार हवा ओढली जाते. पायाला लागणारा वारा म्हणजे डोक्यावरच्या भोकाचीच करामत. म्हणून आधी वरचं बंद करावं, दाराखालचा वारा त्यानंच बराच मंदावतो. जुन्या कापडात शिवलेला थर्माकोलचा तुकडा रोशनदानात दाबून बसवला की काम होतं. आधी कबुतराचं घरटं नाही ना, ते शिडी लावून पाहावं. खोलीला दोन रोशनदानं असतील तर एक पूर्ण बंद आणि दुसरं हाताच्या पंज्याएवढं उघडं ठेवावं. माणसांना श्वासाला हवा लागते, आणि हवा कोंडली तर भिंतीही दमट होतात.

दाराखाली अर्ध्या इंचाची फट म्हणजे फार वाटत नाही. तीन फुटी दाराला ती अठरा चौरस इंच होते, म्हणजे दारात सहा इंच लांब आणि तीन इंच रुंद भोक पाडल्यासारखंच. बाजारात कापडी खोळीत दोन फोमच्या नळ्या असलेली पट्टी मिळते, ती दाराच्या खालून सरकवायची. दारासोबत ती हलते. मात्र लष्करमधल्या दारांना दगडी उंबरा असेल तर ती अडते. तिथे घरीच शिवलेली लांब उशी बरी: तीन इंच जाडीची, दारापेक्षा दोन इंच जास्त लांब. नुसती वाळू भरली तर ती सात किलोच्या घरात जाते आणि रोज उचलायचा कंटाळा येऊन आठवड्यात कोपऱ्यात पडते. दोन भाग चिंध्या आणि एक भाग वाळू पुरे.

दाराच्या चौकटीला चिकटवायच्या फोमच्या पट्ट्यांत लोक हमखास चुकतात. जाड पट्टी म्हणजे चांगली पट्टी, असं धरून चालतात. मग दार लागत नाही, कुणीतरी खांद्यानं ढकलतं, आणि बिजागरीचे स्क्रू जुन्या लाकडातून सुटतात. फट आधी मोजावी. पॉलिथिनमध्ये गुंडाळलेली कणकेची गोळी चौकटीवर ठेवून दार लावायचं, उघडायचं, आणि चेपलेल्या गोळीची जाडी पाहायची. तीन मिलिमीटर भरली तर सहा मिलिमीटरची पट्टी घ्यावी. फोम साधारण निम्मा दबला की हवा अडते. वरच्या कोपऱ्यात, मध्ये आणि खाली, तीन ठिकाणी मोजावं, कारण दीडशे वर्षांचं दार कुठेच सरळ नसतं. कुठे दोन, कुठे आठ मिलिमीटर निघतात, तिथे वेगवेगळी पट्टी लागते. चिकटवण्याआधी जागा स्पिरिटनं पुसावी. जुन्या ऑइल पेंटची भुकटी होऊन निघत असेल तर आधी घासावं. आणि हे काम दुपारी करावं. दहा अंशांच्या खाली गोंद धरत नाही, रात्री चिकटवलेली पट्टी सकाळी जमिनीवर सापडते. नुसता फोम एखाद-दुसरा हिवाळा टिकतो, रबराची पोकळ पट्टी तीन-चार.

दोन फळ्यांच्या, वर सांकळ असलेल्या दाराची मधली फट पट्टीनं भागत नाही, कारण दोन्ही फळ्या वाऱ्याबरोबर पुढेमागे हलतात. बिजागऱ्यांऐवजी दगडी खाचेत फिरणारं दार असेल तर कोपऱ्यातल्या फटी बोटाएवढ्या असतात. अशा दाराच्या हात धुवून मागे लागण्यात अर्थ नाही, त्याला पडदा लावावा. आणि पडदा म्हणजे जुनी गोधडी. तिच्या थरांत हवा अडकलेली असते, वजनामुळे ती सरळ लोंबते, आणि दुकानातला कुठलाही जाड पडदा तिच्यापुढे फिका आहे. चौकटीच्या आत दाबून बसणारा स्प्रिंगचा दांडा मिळतो, पण गोधडीच्या वजनानं तो घसरतो. चौकटीला आधीच असलेल्या कड्यांना जाड तार ओढून घ्यावी. गोधडी दारापेक्षा दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच रुंद हवी आणि जमिनीला टेकलेली.

खिडक्यांचं प्रकरण वेगळं. या घरांतल्या अनेक खिडक्यांना काच नसतेच, लोखंडी गज आणि लाकडी झडपा. झडपा लावल्या तर अंधार, उघडल्या तर धुकं घरात. पण दीड फुटाच्या भिंतीचा इथे एक फायदा होतो: खिडकीला खोल कोनाडा मिळतो, आणि त्यात बाहेर काढता येणारी चौकट बसवता येते. एक इंच बाय एक इंच लाकडी पट्टीची चौकट सुताराकडून करून घ्यावी, कोनाड्याच्या मापापेक्षा प्रत्येक बाजूला चार मिलिमीटर लहान. माप तीन ठिकाणी घ्यावं आणि सर्वांत लहान धरावं. कोपऱ्यांत त्रिकोणी प्लायचे तुकडे ठोकावेत, नाहीतर चौकट पिळते. दोन्ही बाजूंनी दोनशे मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक स्टेपलरनं मारावं, म्हणजे मध्ये एक इंच बंद हवा राहते. स्टेपल आधी चारही बाजूंच्या मध्यावर, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे. कोपऱ्यातून सुरुवात केली की सुरकुत्या पडतातच. प्लास्टिक उन्हात तापवून ताणावं, गार झाल्यावर ते आणखी ताठ होतं. कडेला फोम लावून चौकट कोनाड्यात दाबली की खिळा न मारता खिडकीला जवळपास दुहेरी काचेचा गुण येतो. प्लास्टिकला काचेची नितळ पारदर्शकता नसते, बाहेरचं दृश्य थोडं पुसट दिसतं, हे मान्य करावं लागतं. तीन मिलिमीटर ॲक्रिलिक जास्त छान दिसतं, पण दर चौरस मीटरला साडेतीन किलोच्या वर वजन आणि किंमतही तशीच.

काचेची खिडकी असेल तर काचेवर पाण्याचा फवारा मारून फुग्यांचं पॅकिंग प्लास्टिक चिकटवता येतं, फुगे काचेच्या बाजूला ठेवून. आणि काचेभोवतीची लांबी (पुट्टी) वाळून सुटली असेल तर आधी ती भरावी. खडूची पूड आणि अळशीचं तेल कणकेसारखं मळून घरी करता येते. वर पडदा लावायचा तर तो रात्री जमिनीपर्यंत हवा, आणि दांड्याच्या वरची फट कापडानं झाकलेली हवी. नाहीतर खोलीतली ऊबदार हवा वरून पडद्यामागे शिरते, काचेवर गार होते आणि खालून पायांवर येते.

आता भिंतींकडे. अठरा अंशांच्या खोलीत साठ टक्के आर्द्रता असेल तर दहा अंशांच्या पृष्ठभागावर पाणी सुटतं. धुक्याच्या आठवड्यात उत्तरेच्या भिंतीचा दगड त्याच्या आसपास असतोच. त्यावर आतून थर्माकोल चिकटवलं की दगडाला खोलीची ऊब मिळणं बंद होतं, तो आणखी गार होतो, आणि कडांच्या फटींतून मागे गेलेली बाष्पयुक्त हवा तिथे ओली होते. फेब्रुवारीत थर्माकोल काढल्यावर मागे काळी बुरशी, फुगलेला चुना आणि लोणा दिसतो, आणि अनामत रकमेवर पाणी सोडावं लागतं. त्याऐवजी भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर ठेवून सतरंजी किंवा जाजम टांगावं, खाली-वर मोकळं. त्यानं भिंत गरम होत नाही, पण आपल्या अंगाची ऊब गार दगडाकडे जाणं थांबतं, आणि हवेचं तापमान तेच असूनही बरं वाटतं. पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर, आणि कपाटामागे दोन इंच जागा ठेवावी, म्हणजे मागे हवा खेळते.

ओलीबद्दल एक गोष्ट बहुतेकांना खोटी वाटते. धुकं असतानाही दुपारी दहा मिनिटं खिडकी उघडली तर खोली कोरडी होते. आठ अंशांच्या धुक्याच्या हवेत जेवढी वाफ मावते, तेवढीच वाफ घेऊन ती हवा खोलीत सोळा अंशांवर आली की तिची आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास उतरते. ओले कपडे त्या खोलीत मुळीच वाळत घालू नयेत. एवढं एक पाळलं तरी अर्धी बुरशी टळते.

जमिनीसाठी एक सेंटिमीटर जाडीच्या, एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या दोन फुटी चौकोनी चटया उत्तम. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला तीस लागतात, पण पलंगाखाली आणि कपाटाखाली घालायची गरज नसते. वर सतरंजी. तळमजल्यावर पंधरवड्यातून एकदा उचलून फरशी पाहावी, खाली ओल धरते. बजेट नसेल तर पुठ्ठ्याचे दोन थर आणि वर सतरंजी. फक्त तळमजल्यावर पुठ्ठा वापरू नये.

छताच्या पटियांचं, म्हणजे दगडी लाद्यांचं, भाडेकरूला फार काही करता येत नाही. निरभ्र रात्री दगड आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि हवेपेक्षाही गार होतो. पटियांचे सांधे पावसाळ्यात गळत असतील तर ते मालकाकडून भरून घ्यावेत, कारण ओला दगड कोरड्यापेक्षा जास्त उष्णता बाहेर नेतो. आतून मात्र जुन्या वाड्यांतला चांदवा पुन्हा आणता येतो. बारा बाय बारा फुटांच्या खोलीत नऊ फुटांवर कापड ताणलं की चौदा फुटी खोलीतली एक तृतीयांशाहून जास्त हवा तापवायची राहतच नाही. गर्डरच्या कड्या आणि खिडक्यांचे गज यांत तार ओढून, टर्नबकलनं (तार ताणायच्या स्क्रूनं) ताणून ते बसवता येतं. पंखा त्याच्या वर अडकतो, म्हणून पंख्याच्या बटणावर टेप चिकटवावी. हे जड वाटलं तर मच्छरदाणीच्या दांड्यांवर वरून आणि तीन बाजूंनी जाड चादरी टाकाव्यात, चौथी बाजू उघडी. झोपलेला माणूस स्वतः सत्तर-ऐंशी वॉट उष्णता देतो. चौदा फुटी खोलीत ती कुठे गेली कळत नाही, पलंगाएवढ्या जागेत चांगलीच जाणवते.

हीटरचा विचार इतकं सगळं झाल्यावर करावा. वारा थांबवता आलाच नाही अशा खोलीत लाल होणाऱ्या रॉडचा हीटर बरा, तो हवेला सोडून समोरच्या माणसाला तापवतो. बंद केलेल्या खोलीत तेलाचा हीटर बरा. दोन हजार वॉट म्हणजे तासाला दोन युनिट आणि पावणेनऊ अँपिअर. सहा अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावला की प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. सोळा अँपिअरचं सॉकेट, त्याच्यामागे किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. जुन्या घरात भिंतीतली वायर ॲल्युमिनियमची असू शकते, इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून पाहून घ्यावा. अंथरुणात घालायची विजेची चादर शंभर वॉटच्या आसपास घेते. रात्रीपुरता विचार केला तर तिच्यासमोर हीटर ही उधळपट्टी आहे.

सिगडी या खोलीत आणू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोळ्यांत पाणी येत नाही, डोकं जड होतं आणि झोप येते. जितकी खोली नीट बंद केली तितका धोका मोठा. रात्री निखारे विझल्यासारखे दिसतात तेव्हाही तो वायू निघत असतो. गॅसचा गिझर न्हाणीघरात असेल तर तिथलं रोशनदान कधीही बंद करायचं नाही, आणि जमलं तर गिझरच बाहेरच्या भिंतीवर हलवून घ्यावा. यात मालकाशी भांडण झालं तरी चालेल.

होळीच्या आधी सगळं उतरवताना घाई करू नये. फोमची पट्टी ओढून काढली तर जुन्या चौकटीचा रंग सोबत येतो. केस वाळवायच्या यंत्रानं गरम करत एका टोकापासून सोलावी, राहिलेल्या गोंदाला खोबरेल तेल लावून तासाभरानं पुसावं. खिडकीच्या चौकटींच्या मागे पेननं लिहावं की कुठली कुठल्या खिडकीची, कारण कुठल्याच दोन खिडक्या एका मापाच्या नसतात. गोधडी दोन दिवस कडक उन्हात घालून कडुलिंबाच्या पाल्यासोबत बांधून ठेवावी. कूलरचं झाकण मात्र एप्रिलपर्यंत राहू द्यावं.